गाऱ्हाण्यातला होकार

माझी बायको किशोरी बसलेली दिसली की समजावं, तिला ताप आलाय. एरवी ही बाई बसत नाही. चहा उभ्यानं, जेवण ओट्याला टेकून, आणि फोन आला की गिरणीपुढच्या पडवीत येरझाऱ्या. कट्टा गावच्या बाजारात माझी भात-पिठाची गिरण आहे. लोक म्हणतात, मंगेशची बायको समाजकार्य करते. मी म्हणतो, ती समाजाचं बघते आणि मी दळणाचं बघतो.

कुणाची वाट गडगा घालून अडवली, कुणा विधवेला देवळाच्या पायरीवरून उठवलं, कुणाचं रेशन बंद झालं, की हिचा फोन वाजतो. मग अर्ज करायचे, कसाल-कुडाळच्या खेपा घालायच्या आणि त्यासाठी लागेल ते लोकांकडून मागून आणायचं. मागायची तिला लाज वाटत नाही. मला वाटते, म्हणून मी टेम्पो चालवतो आणि तोंड बंद ठेवतो.

त्या जुलैत ती बांबरखोलच्या सीतेसाठी फिरत होती. बांबरखोलचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं माळरान, सामायिक, सगळ्या भाऊबंदांची नावं एकाच सातबाऱ्यावर. बाहेरच्या एका कंपनीला तो हवा होता. गावकीनं द्यायचं ठरवलं आणि सीतेचा नवरा बाबली सही करेना, कारण त्याची काजूची झाडं त्या सड्यावर उभी होती. तेव्हापासून त्यांच्या घरची पायवाट गवतानं भरली. गावच्या गिरणीत त्यांचं भात घेईनात, म्हणून सीता ते डोक्यावरून माझ्याकडे आणायची. शिमग्याला त्यांचा नारळ देवळातून परत आला. पण वाळीत टाकलंय असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. गाव शहाणं होतं. पोलीस ठाण्यातले साहेब किशोरीला प्रत्येक वेळी तेच विचारायचे, "कोण बोललं? कुठे? कुणासमोर? ताई, घरी कुणी येत नाही म्हणून मी गुन्हा कसा नोंदवू?"

एका सकाळी ती भिजून चिंब गिरणीत आली आणि पदर न पिळताच बोलायला लागली.

"अवो, सीताचो भाताचो तरवो पिवळो पडाक लागलो. ह्या आठवड्यात लावलो नाय तर गुरांक घालूचो लागतलो."

"बाबली काय म्हणता?"

"बाबलीच्या पायांक चिखल्यो झाल्यो. बोटांच्या मधी लाल मांस दिसता. तो म्हणता, नारळ घेवन गंगाराम मानकऱ्याच्या पाया पडतंय आणि सही करून मोकळो होतंय. ह्या वर्साचा भात गेला तर खातलंव काय, म्हणता. सीता नाय म्हणता."

"मगे?"

"मगे माणसां होयी. लावणेक."

मी पट्टा थांबवला. लावणीच्या दिवसांत माणसं मागणं म्हणजे काय ते आमच्याकडे कुणालाही कळेल. स्वतःच्या बहिणीला भाऊ मिळत नाही. त्यात बांबरखोलच्या शेतात बांबरखोलचा एकही हात लागणार नव्हता. पण किशोरी तेवढ्यात छत्री घेऊन बाहेर पडलीसुद्धा.

बाजाराच्या दिवशी तिनं कट्ट्याची एक बाजू धरली आणि दुकानामागून दुकान घेत सुटली. पैसे नकोत, एक दिवस द्या, असं तिचं मागणं. कापडवाल्यानं ती पायरी चढायच्या आधीच गल्ल्यातून नोट काढून पुढे धरली. म्हणजे घे आणि जा.

"नोट नको. एक दिवस देवा," ती म्हणाली.

"अगो, दुकान बंद करून येव? माजो दिवस कितीक पडता तुका म्हायत आसा?"

"म्हायत आसा म्हणानच मागतंय."

त्यानं नोट परत गल्ल्यात टाकली आणि गिऱ्हाइकाकडे वळला. बाजूची दोन माणसं हसली. किशोरी पायरीवर तशीच उभी राहिली, म्हणजे त्याला तिच्या खांद्यावरून गिऱ्हाइकाशी बोलावं लागलं. मला टेम्पोत बसून कानकोंडं झालं. तिला काही झालं नाही. पुढच्या दुकानात ती त्याच आवाजात सुरू झाली.

मुंबईहून एका मंडळाचे गृहस्थ फोनवर होते. मदत करू म्हणाले, फक्त त्या बाईचा शेतात उभी असतानाचा फोटो हवा, चेहऱ्यावर जरा व्यथा दिसली पाहिजे. "ती व्यथेत नसते हो, ती शिव्या देत असते," किशोरी म्हणाली. "तसा चालेल का?" गृहस्थांनी नंतर कळवतो म्हटलं.

तरी माणसं मिळाली. मासे विकणारी तुळसा, जिनं जन्मात भात लावलं नव्हतं. कपडे शिवणारी मथुरा. रिक्षा स्टँडवरचे काही जण, निवृत्त शिक्षक दत्तप्रसाद गुरुजी, आणि कुणीकुणी. एका ओळखीच्यानं पॉवर टिलर दिला. तो मी टेम्पोत घालून बांबरखोलला नेला, तेव्हा गावची माणसं वळणावर उभी राहून बघत होती. कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. टिलरनं चिखल झाला. आता फक्त लावायचं राहिलं होतं, तो दिवस मंगळवारचा ठरला.

आणि मध्येच गंगारामकाकांचा निरोप आला. गंगाराम म्हणजे बांबरखोलचा पहिला मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. सोमवारी देवळात पावसाचं गाऱ्हाणं आहे, किशोरीनं यावं, देवाच्या पाया पडावं, मग बसून बोलू, असा निरोप.

"वाकतत बघा," ती मला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मला काही खरं वाटत नव्हतं, पण तिच्या उत्साहावर पाणी ओतायची माझी हिंमत नाही.

सोमवारी आम्ही सीतेला आणि बाबलीला टेम्पोत घालूनच देवळाशी गेलो. बोलणी झाली तर ते समोर हवेत, असा किशोरीचा हिशेब. दोघं आवाराबाहेर फणसाखाली थांबले, कारण आत जायचं त्यांना जमणार नव्हतं. बाबलीनं पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. मीही त्यांच्याबरोबर थांबलो. पाऊस एकसारखा पडत होता, पण देवळाच्या मंडपातला शब्दन् शब्द बाहेर येत होता.

किशोरीला त्यांनी मान दिला. बायकांच्या रांगेत पुढे उभी केली, हातात तांदूळ दिले. पंचवीसेक गावकर हात जोडून उभे. गंगाराम पुढे झाला, घसा साफ केला आणि त्याचा तो देवळातला आवाज लागला. त्याचा आवाज चांगला आहे, हे मला कबूल करायला हवं. घरात बोलतो तेव्हा तो चिरका म्हातारा असतो. गाऱ्हाण्यात त्याच्या छातीतून निराळाच माणूस बोलतो.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे एक ठाय जाली आसत..."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या शेताभाताक, गुराढोराक बरो पावस दी. पोराबाळांची राखण कर..."

"व्हय म्हाराजा."

आमच्या कानांना हे पाळण्यापासून ठाऊक. बापाच्या कडेवर असताना पोर बोलायला शिकतं ते हेच शिकतं. गाऱ्हाणं सुरू झालं की डोकं बाजूला राहतं आणि तोंड आपोआप होकार देतं. किशोरीचा आवाज मला बाकीच्या बायकांतून वेगळा ओळखू येत होता. तिचा आवाज सभेत पडतो तसाच खणखणीत.

"आणि म्हाराजा, जो कोण खालच्या वाडीत ऱ्हवान गावच्या शबदाभायर गेलो आसा, तेच्या दारात कोणाचो पाय लागाचो नाय, तेच्या भाताच्या कुणग्यात कोणाचो हात लागाचो नाय, असो जो शबद गावान दिलो, तो तू राख..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. किशोरीही म्हणाली.

माझ्या तोंडात पान होतं, म्हणून मी वाचलो. नाहीतर मीही म्हणालो असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मंडपात तिचे जोडलेले हात खाली आले. तिनं मान वळवून बाहेर पाहिलं. फणसाखाली सीता छत्री धरून उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती. गाऱ्हाणं पुढे चालू राहिलं, होकार चालू राहिले, त्यात किशोरीचा आवाज नव्हता. गंगारामानं शेवटी तांदूळ टाकले, वळला आणि तिला म्हणाला, "बरा झाला इलंस. देवान आयकला. आता बोलूचा काय रवला?" हे सगळं त्यानं मुद्दाम घडवून आणलं होतं की त्यालाही ओघात सुचलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

परतताना खालच्या वाडीच्या तोंडाशी सीता उतरली.

"सीता, माज्या तोंडातसून गेला गो," किशोरी म्हणाली. "माका कळलासुदा नाय."

"माका कळला," सीता म्हणाली. "त्या सगळ्यांकय असाच कळूक नाय, नाय? पयल्या दिसापासून असाच तोंडातसून गेला तेंच्या." तिनं छत्री मिटली. पाऊस लागत असूनही मिटली. "फाल्यां लावणेक तू येव नको."

बाबली खाली मान घालून पिशव्या सावरत तिच्या मागून गेला.

त्या संध्याकाळी किशोरी बसली. गिरणीतल्या पोत्यावर बसली आणि उठेना. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मी चहा दिला तो तिनं बसून घेतला. मला भलतीच भीती वाटली. एवढ्या वर्षांत तिला लोकांनी काय काय ऐकवलं, एकानं अंगावर कुत्रं सोडलं, पण ती दुसऱ्या दिवशी त्याच दारात गेली. इथे तिला कुणी काही केलं नव्हतं. जे झालं ते तिच्याच तोंडून झालं होतं, आणि तिथून पळायला जागा नव्हती.

मंगळवारी सकाळी माणसं गिरणीशी जमली. तुळसेनं लुगडं वर खोचून तयारीच केली होती. मला वाटलं, किशोरी काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिनं पडवीत उभं राहून सगळं सांगितलं. गाऱ्हाण्यात काय बोललं गेलं, आपण त्याला कसा होकार दिला, सीतेनं काय म्हटलं.

"तिणा माका येव नको म्हटल्यान. तुमका म्हणूक नाय. तुमी जावा."

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "आणि तुम्ही?"

"मीय येतंय. मेरेर उबी ऱ्हवतंय."

सीता चिखलात एकटीच वाकली होती. एवढ्या सगळ्यांना मेरेच्या बांधावरून उतरताना पाहून तिनं कंबर सरळ केली. कुणाला काही विचारलं नाही. तरव्याच्या मुठी वाटल्या आणि कुणी कुठे उभं राहायचं ते हातानं दाखवलं. किशोरी मेरेच्या कडेला थांबली. सीतेनं तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "भायर."

मग तो दिवस तसाच गेला. तुळसा रोपं इतकी खोल खुपसायची की शेंडे तेवढे वर दिसत. "अगो, बांगडे पुरूक नाय, भात लावूक सांगलंय," सीता तिला म्हणाली, आणि मथुरा हसता हसता चिखलात बसली. गुरुजींची ओळ चांगली सरळ जात होती, पण ते फार सावकाश. रिक्षावाले जोरात सुरू झाले आणि दुपारच्या आत कमरेला हात लावून उभे राहिले. मी तरवा काढून पोचवत होतो. बाबलीला चिखलात उतरू दिलं नाही, तो मेरेवर बसून मुठी बांधत होता.

किशोरी त्याच्यापासून चार हातांवर उभी. पाऊस कमी-जास्त होत होता. तिचे हात सारखे हलायचे, पदराचं टोक पिळायची, सोडायची. एकदा एक मूठ वाहून तिच्या पायाशी आली. ती उचलायला वाकली, आणि बाबलीनं मुकाट्यानं पुढे सरकून ती तिच्याआधी उचलली. बिचाऱ्याला ते करताना फार जड गेलं. माझ्या बायकोचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि मला सीतेचा राग आला. तेव्हा आला, खोटं कशाला बोलू.

दुपारी सीतेनं पेज आणली, बरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा. सगळ्यांना वाढली. मेरेवर वाढली नाही. मी माझी वाटी घेऊन किशोरीकडे निघालो, तर तीच म्हणाली, "नको. तुमी जेवा."

तेवढ्यात वरच्या वाटेनं गंगाराम आला. इरल्याऐवजी आता तो पिवळा रेनकोट घालतो. कट्ट्याची माणसं त्याच्या गावच्या चिखलात पेज खाताना पाहून त्याचा चेहरा आंबट झाला. मग त्याला किशोरी दिसली.

"तू गो कित्याक भायर?"

"माका आत घेणत नाय, काकानू."

"कोण?"

"सीता."

म्हातारा खूश झाला. "बघ. जेंच्यासाठी भांडतंस, तीच माणसां. देवान आयकला म्हणान मी सांगलंय नाय?"

"देवळात तुमी काय म्हणालात, काकानू?" किशोरीनं शांतपणे विचारलं. "ह्या कुणग्यात कोणाचो हात लागाचो नाय, असाच ना?"

"व्हय. गावाचो शबद तो. मी म्हणालंय, आणि सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी. तूय." तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला आणि काठी टेकत पुढे गेला.

कुणग्यात सीता वाटी हातात घेऊन ताठ उभी राहिली होती. तिनं उरलेली पेज घाईघाईनं संपवली नाही, सावकाश संपवली. मग शेवटचा कुणगा लावून होईपर्यंत ती वाकलेलीच राहिली. लावणी वाकडी झाली, पण झाली. तिनं पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले आणि मला हाक मारली.

"मंगेशदादा, टेम्पो काढा. पोलीस स्टेशनात जावचा आसा."

"आता?" बाबली म्हणाला. "अगो, अंगार चिखल."

"तसाच जावया." मग तिनं दिवसभरात दुसऱ्यांदा किशोरीकडे तोंड केलं. "तूय चल."

ठाण्यात साहेब चहा पीत होते. सीतेला पाहून त्यांनी कप ठेवला, किशोरीला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. सीतेचे पाय फरशीवर चिखल सोडत होते आणि ती ते पुसायला बघत नव्हती.

"बोला," साहेब म्हणाले. "कोण बोललं? कुठे?"

"देवळात. गाऱ्हाण्यात." सीतेनं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. "गंगाराम बोललो. आज दुपारी परत सगळ्यांसमोर म्हणालो, मीच बोललंय म्हणून. लावणेची सगळी माणसां साक्षीक आसत."

साहेबांनी कागद ओढला. आता त्यांचा सूर बदलला होता. "बरं. आणि याला संमती कुणी दिली? म्हणजे हो म्हणणारे. नावं सांगता येतील?"

सीता एकेक नाव सांगत गेली. त्यांच्या वाडीतला चुलत दीर, दुकानदार, पलीकडच्या घरचे, तिच्या लग्नात मागे उभी राहिलेली बाई. साहेब लिहीत होते. नावं संपली असं वाटून त्यांनी पेन उचललं.

"आणि किशोरी," सीता म्हणाली.

"कोण किशोरी?"

"ही. माज्या बाजूक उबी आसा ती."

पेन हवेतच राहिलं. साहेबांनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "अहो बाई, ह्याच तर तुमच्या बाजूनं लढतायत ना? ह्यांचं नाव कशाला?"

"तिचा नाव नाय घातलात तर ते म्हणतले, आमीय असेच तोंडातसून बोललोव. आमचीय नावां काढा." सीतेचा आवाज पहिल्यांदा हलला. "मगे कोणाचाच रवाचा नाय."

मी काहीतरी बोलणार होतो. हिच्या कामाचं काय, उद्या कोण हिला एक दिवस देईल, आरोपींत नाव असलेल्या बाईवर कुठलं गाव विश्वास ठेवील, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. किशोरीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तो थंडगार होता, भिजून सुरकुतलेला. मग तिनं टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली.

"लिहा, साहेब," ती म्हणाली. "किशोरी मंगेश, राहणार कट्टा. मी हो म्हणाले होते."